सेल्फ फिरतो, इंजिन फिरत नाही: स्टार्टर क्लच पुन्हा पुन्हा का जातो आणि घरी कसा दुरुस्त करायचा

सेल्फचे बटण दाबले की आतून मोटर सुसाट फिरल्याचा आवाज येतो, पण इंजिन जागचे हलत नाही. बटण सोडून पुन्हा दाबले की कधी तरी मध्येच ‘खट्ट’ करून पकडते आणि गाडी चालू होते. मग काही दिवस सगळे सुरळीत. त्यानंतर एखाद्या सकाळी, तीन हात नाक्याच्या सिग्नलला गाडी बंद पडते आणि काही केल्या पकडत नाही. मागून रिक्षावाल्यांचे हॉर्न सुरू होतात.

गॅरेजमध्ये नेली की सांगतात, ‘वन-वे क्लच गेला’, म्हणजे सेल्फच्या मोटरला इंजिनशी जोडणारा स्टार्टर क्लच. नवा टाकतात, गाडी सुरू होते. पाच-सहा महिन्यांनी तोच आवाज परत. ठाण्यात आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मी स्वतःच्या आणि ओळखीपाळखीच्या गाड्या उघडतो. त्यात हा परत परत येणारा बिघाड मला फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्यात लोकांचे पैसे दोनदा-तीनदा जातात आणि खरे कारण मात्र गाडीतच राहते. माझे म्हणणे सरळ आहे: नुसता क्लच बदलू नका. त्याला उलटा झटका कुठून बसतोय ते आधी शोधा, आणि क्लच ज्या गिअरवर पकडतो तो गिअर तपासल्याशिवाय कव्हर बंद करू नका.

आधी हा भाग काम कसा करतो ते पाहू. सायकलचे फ्रीव्हील आठवा. पॅडल मारले की चाक फिरते, पॅडल थांबवले तरी चाक पुढे फिरत राहते. स्टार्टर क्लच हेच करतो. सेल्फची मोटर मधल्या आयडलर गिअरला फिरवते, तो मोठ्या स्टार्टर गिअरला फिरवतो. या मोठ्या गिअरला एक गुळगुळीत गोल गळा असतो आणि तो मॅग्नेटच्या (इंजिनच्या दांड्यावर बसलेल्या, चुंबक असलेल्या चाकाच्या) मागच्या बाजूला बसवलेल्या क्लचमध्ये शिरतो. क्लचमध्ये उतरत्या खाचांमध्ये रोलर असतात, बहुतेक वेळा तीन, आणि त्यांना मागून स्प्रिंग ढकलते. अनेक गाड्यांत रोलरऐवजी स्प्रॅग असतात, म्हणजे पिंजऱ्यात ओळीने बसवलेले छोटे तिरपे ठोकळे. गिअर फिरला की रोलर अरुंद बाजूला सरकून गळा आणि खाच यांच्यात घट्ट अडकतात आणि क्रँक, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, फिरू लागतो. इंजिन चालू होऊन मॅग्नेट गिअरपेक्षा वेगाने फिरू लागले की रोलर रुंद बाजूला सरकतात आणि गिअर मोकळा होतो.

म्हणजे सगळी भिस्त त्या इवल्याशा रोलरच्या पकडीवर. गळ्यावर चर पडला, स्प्रिंग मेली, काळा गाळ चिकटला किंवा रोलर एका बाजूने चपटा झाला, की पकड सुटली.

आवाज ऐका, मगच पाना हातात घ्या

सेल्फ लागत नाही म्हणजे क्लचच गेला असे नाही. बटण दाबल्यावर काहीच आवाज नसेल तर क्लचचा संबंध नाही. फ्यूज, साइड स्टँडचा स्विच, क्लच लिव्हरचा स्विच, बटण, किल स्विच हे पाहा. ‘टक टक टक’ असा भराभर आवाज येत असेल तर बॅटरी खाली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. एकच ‘टक’ आणि पुढे शांतता असेल तर रिलेचे (बॅटरीचा प्रवाह मोटरला जोडणाऱ्या स्विचचे) आतले पॉइंट जळलेले असू शकतात किंवा मोटरचे कार्बन ब्रश संपलेले. इंजिन फिरतेय पण रडतरखडत, तर बॅटरी किंवा अर्थिंग. आणि मोटर मोकळी सुसाट फिरते पण इंजिन ढिम्म, तर मात्र आपण या लेखाच्या विषयावर आलो.

त्यातही दोन छटा आहेत. नुसती मोकळी ‘घुंईंई’ असेल तर रोलर पकडत नाहीत. ‘कर्रर्र, खडखड’ असे दाते घासल्यासारखे ऐकू आले तर आयडलर गिअरचे किंवा मोटरच्या शाफ्टचे दाते झिजलेले असण्याची शक्यता जास्त. लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक डाव्या कव्हरवर टेकवून मूठ कानाच्या हाडाला लावा आणि दुसऱ्याला बटण दाबायला सांगा. आवाज मोटरजवळ आहे, मधल्या गिअरपाशी आहे की मॅग्नेटच्या मागे, हे बरेचसे कळते.

एक लक्षण मात्र ताबडतोब थांबण्याचे. इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ फिरत असल्यासारखा ‘चर्रर्र’ आवाज येत राहिला तर लगेच किल स्विच दाबा. रोलर सुटत नाहीत, इंजिनच मोटरला फिरवतेय असा त्याचा अर्थ. इंजिनच्या वेगाने फिरवली गेलेली मोटर आतून फुटते आणि मग खर्च कुठल्या कुठे जातो.

काही नव्या गाड्यांच्या आयडलर गिअरमध्येच टॉर्क लिमिटर असतो. उलटा झटका बसला की दाते तुटू नयेत म्हणून तो आतल्या आत घसरतो. तो झिजला तरी लक्षण हुबेहूब हेच: मोटर फिरते, क्रँक फिरत नाही. आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये आयडलर एकसंध आहे की लिमिटरवाला, हे आधी पाहून ठेवा. नाही तर नवा क्लच टाकूनही घसरणे चालूच राहील.

प्लग काढून केलेली चाचणी

काही न उघडता निदान पक्के करणारी ही चाचणी मला सगळ्यात उपयोगी वाटते. गाडी न्यूट्रलमध्ये, मेन स्टँडवर. स्पार्क प्लग काढा. प्लगच्या टोपीत दुसरा प्लग घालून तो इंजिनच्या उघड्या धातूला नीट टेकवून ठेवा, म्हणजे इग्निशनवर ताण येत नाही. तो प्लगच्या भोकापासून लांब ठेवा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. मग सेल्फ मारा. प्लग नसल्यामुळे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाही, इंजिन हलके फिरायला हवे.

प्लग काढल्यावर इंजिन छान फिरते आणि प्लग लावल्यावर मोटर मोकळी सुटते, तर भार आला की क्लच घसरतोय हे नक्की. प्लग काढूनही क्रँक अजिबात फिरत नसेल तर क्लच पूर्ण गेला, किंवा मॅग्नेटच्या मागचे बोल्ट सुटले, किंवा दाते गेले. यापैकी नेमके काय, ते कव्हर उघडल्यावरच कळणार.

मोटर काढायला सोपी असेल तर आणखी एक खात्री करता येते. मोटर बाहेर काढा, तिच्या भोकातून आयडलर गिअरचे दाते दिसतात. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने पुढे फिरवा: आयडलर स्थिर राहायला हवा, फार तर किंचित थरथरेल. चाक हलकेच मागे फिरवा: आयडलर फिरायला हवा. मागे फिरवताना तो फिरतच नसेल तर क्लच पकडत नाही. मागे फिरवणे अगदी थोडेच ठेवा, उगाच गरागरा फिरवू नका. काही इंजिनांत उलट फिरवल्याने टायमिंग चेन ढिली पडते.

खरा दोषी बहुतेक वेळा बॅटरी

इथे जरा थांबतो, कारण हाच भाग लोक सोडून देतात.

दमलेली बॅटरी इंजिन हळू फिरवते. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकापर्यंत पोचायच्या आत ठिणगी पडते, गॅस पेटतो आणि पिस्टनला उलट ढकलतो. क्रँक मागे फिरतो. पण त्या क्षणी रोलर घट्ट अडकलेले असतात आणि पलीकडून मोटर पुढे लोटत असते. मधला सगळा मार त्या रोलरना आणि गिअरच्या गळ्याला खावा लागतो. असा मार एकदा बसला तर काही होत नाही. रोज बसत राहिला की गळ्यावर बारीक पोचे पडतात, क्लचचे बोल्ट ढिले होतात, कधी क्लचच्या घराला तडाही जातो.

कळव्याच्या एका मुलाची १५० सीसीची गाडी माझ्याकडे आली होती. घरोघरी पार्सल पोचवण्याचे काम. दर इमारतीखाली गाडी बंद, परत सेल्फ, पुढची इमारत, परत सेल्फ. दोन वेगवेगळ्या गॅरेजमधून क्लच बदलून झाला होता. तो कळवळून म्हणाला, “दादा, पार्ट तर नवाच टाकलाय, मग परत कसं?” मीटर लावला तर बॅटरी सकाळी, गाडी चालू न करता, १२.१ व्होल्ट, सेल्फ मारताना ८ च्या घरात. त्याला म्हटले, “अरे, क्लच नंतर बघू. आधी ही बॅटरी बघ.” आत गिअरच्या गळ्यावर चर होताच. दोन्ही वेळा फक्त रोलर बदलले गेले होते, जुना चर पडलेला गिअर तसाच ठेवून.

तुम्हीही मीटरवर हे आकडे पाहा. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवते. १२.४ च्या खाली आली तर चार्ज करा. सेल्फ दाबताना ती १० च्या आसपास किंवा वर टिकली पाहिजे, ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी बदलण्याच्या वाटेवर आहे. इंजिन ४०००-५००० आरपीएमवर ठेवल्यावर टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.८ व्होल्ट मिळायला हवेत. कमी मिळाले तर चार्जिंगची कॉइल किंवा रेग्युलेटर तपासा, नाही तर नवी बॅटरीही तशीच दमेल.

पावसाळ्यात अर्थिंगही बघायलाच हवे. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि सेल्फ मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थची वायर गंजली आहे. तसेच बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या टर्मिनलपर्यंत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त पडत असेल तर रिले किंवा जाड वायरचे टोक साफ करा. जुलैच्या पाण्यातून रोज जाणाऱ्या गाड्यांच्या टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड जमते. गरम पाण्याने धुऊन, सुकवून, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या.

आपल्याकडच्या वापराचा यात मोठा वाटा आहे. ठाणे स्टेशनपासून घोडबंदर रोडच्या कॉम्प्लेक्सपर्यंत अंतर तसे थोडे. पण कापूरबावडीला अर्धा वेळ गाडी उभीच. उभ्या गाडीत इंजिन मंद, चार्जिंग कमी. शिवाय एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना कायम पेटता असतो. त्यात भर म्हणून कोणी जीपीएस, कोणी मोबाइल चार्जर लावलेला. बॅटरी भरण्यापेक्षा रिकामी जास्त होते. अनेक मॉडेलना आता किकही नाही, त्यामुळे सगळा भार सेल्फवर. १९८४ साली आलेल्या कायनेटिक होंडाला सेल्फ होता याचे लोकांना केवढे अप्रूप होते! आज सेल्फशिवाय गाडी फारसे कोणी घेत नाही, पण त्या सेल्फला पोसणाऱ्या बॅटरीकडे ती मरेपर्यंत कोणी पाहत नाही.

उलट्या झटक्याची आणखी कारणे: बटण अर्धवट दाबून पटकन सोडणे, इग्निशन टायमिंग पुढे गेलेले असणे (ठिणगी वेळेच्या फार आधी पडणे), आणि मोठ्या सिंगल सिलिंडर गाड्यांत डीकॉम्प्रेशनची, म्हणजे सेल्फ मारताना व्हॉल्व्ह किंचित उचलून दाब कमी करणारी, यंत्रणा नीट न चालणे. अशा काही इंजिनांत व्हॉल्व्हचा क्लिअरन्स वाढला की डीकॉम्प्रेशनचा उचल कमी पडतो. म्हणून ३५० सीसीच्या वरच्या गाडीत क्लच परत परत जात असेल तर टॅपेट (व्हॉल्व्हचा क्लिअरन्स) तपासा.

ऑइल बदलून पाहण्याची एक संधी

सकाळी गार गाडीला घसरते आणि गरम झाल्यावर छान पकडते, असे असेल तर रोलर गाळाने चिकटले असण्याची शक्यता आहे. अशा गाडीला आधी ऑइल बदलून पाहा. पुस्तिकेत जो ग्रेड दिला आहे तोच घाला. १०डब्ल्यू-३० लिहिलेल्या इंजिनात ‘जाड तेल इंजिन सांभाळते’ म्हणून २०डब्ल्यू-५० ओतू नका. गार असताना जाड तेल रोलरना सरकू देत नाही. डब्यावर जासो (दुचाकींच्या तेलाचे जपानी मानक) एमए किंवा एमए२ आहे ना, ते बघा. गिअर नसलेल्या स्कूटरचे एमबी ऑइल आणि ‘रिसोर्स कन्झर्व्हिंग’ छापलेले कारचे ऑइल मोटरसायकलला नको. त्यातील घर्षण कमी करणारे घटक आपल्या ओल्या क्लचला (तेलात बुडालेल्या गिअरच्या क्लचला) नको असतात, आणि स्टार्टर क्लचही घर्षणावरच पकडतो. नव्या तेलावर काही दिवस चालवून फरक पडला नाही तर कव्हर उघडायचे.

उघडताना

गाडी मेन स्टँडवर हवी. साइड स्टँडवर ती डावीकडे कलते आणि ज्या गाड्यांचे मॅग्नेट तेलात असते त्यांचे उरलेसुरले तेल सगळे त्याच बाजूने येते. खाली पुठ्ठा आणि पसरट ट्रे ठेवा. पार्किंगमधल्या फरशीवर डाग पडले की सोसायटीची मीटिंग त्याच विषयावर होते. कोरडा दिवस निवडा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. तेल काढताना ते कापडातून गाळून बघा: चमकणारे बारीक लोखंडी कण दिसले तर आत काहीतरी झिजतेय.

गिअर लिव्हर काढण्याआधी तो शाफ्टवर कुठल्या दात्यावर आहे तिथे मार्करने खूण करा. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरची बाह्यरेषा काढून त्या त्या जागी बोल्ट खोचा. लांब बोल्ट छोट्या भोकात गेला तर आटे मरतात आणि केसिंगला भेग जाते. कव्हर ओढताना मॅग्नेट त्याला मागे खेचते. सरळ, हळू ओढा. आत स्टेटर कॉइल कव्हरलाच लागलेली असते, तेव्हा कव्हर वायरवर लोंबकळू देऊ नका.

आयडलर गिअर, त्याचा शाफ्ट आणि वॉशर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने कापडावर मांडा. फोटो काढा. मग मॅग्नेटचा नट. मॅग्नेट धरायला होल्डर वापरा. पंख्याच्या पात्यांत किंवा खाचेत स्क्रू ड्रायव्हर अडकवून नट फिरवणे म्हणजे मॅग्नेट फोडणे. नट निघाला तरी मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेले असते. त्याला पुलरच लागतो, आणि पुलरचे आटे तुमच्या मॉडेलचेच हवेत. काही गाड्यांत हे आटे उलटे असतात. पुलर मिळत नसेल तर वागळे इस्टेटमधल्या लेथवाल्याकडून मापाने करून घेता येतो. हातोडीने मॅग्नेट ठोकू नका. त्याने चुंबक तडकतात, क्रँक वाकतो आणि पाचशे रुपयांच्या कामाचे इंजिन-काम होते. पुलर नाही, मॅन्युअल नाही, तर इथेच थांबून गाडी जाणत्या मेकॅनिककडे न्या. गाडी वॉरंटीत असेल तर सुरुवातच करू नका.

मॅग्नेट निघाले की क्रँकवरची अर्धचंद्राची चावी जपून काढा. मॅग्नेट स्वच्छ कागदावर ठेवा, जमिनीवर नको. लोखंडाचा कीस क्षणात चिकटतो आणि आत गेला की कॉइल घासतो.

आत काय बघायचे

आधी क्लचचे बोल्ट. मॅग्नेटच्या मागे क्लच धरणारे एलन बोल्ट हाताने हलतात का? पुष्कळ गाड्यांत रोलर ठणठणीत असतात आणि फक्त हे बोल्ट सैल झालेले असतात. तसे असेल तर नवे बोल्ट, आटे पेट्रोलने धुऊन पूर्ण कोरडे, आणि चांगला पक्का थ्रेड लॉकर (बोल्टचे आटे पक्के धरणारा चिकट द्रव). लॉकर ओलाव्यावर आणि तेलावर धरत नाही. पूर्ण पकड यायला साधारण २४ तास लागतात, तेवढी गाडी उभी ठेवा.

मग मोठ्या गिअरचा गळा. उजेडात फिरवून बघा. आरशासारखा गुळगुळीत हवा. नखाला लागेल असा चर, बारीक खड्डे किंवा उष्णतेने आलेली निळसर छटा दिसली तर गिअर बदलायचा. पॉलिश पेपरने घासून चालेल असे कोणी सांगितले तर ऐकू नका. घासले की व्यास आणखी कमी होतो आणि रोलरना पकडायला आणखी पुढे सरकावे लागते. मायक्रोमीटर असेल तर बाहेरचा व्यास मोजून मॅन्युअलच्या मर्यादेशी ताडा. व्हर्नियरने अंदाज येतो, निर्णय मायक्रोमीटरने घ्यावा.

गिअर क्रँकवर ज्या बुशवर किंवा निडल बेअरिंगवर फिरतो तेही पाहा. गिअर डुगडुगत असेल तर गळा क्लचमध्ये वाकडा फिरतो, तिन्ही रोलरवर सारखा भार येत नाही आणि एकच रोलर मरतो. तीनपैकी एकच रोलर चपटा दिसला तर संशय या बेअरिंगवर घ्या. हे सहसा कोणी बघत नाही.

रोलर काचेवर फिरवा: गुळगुळीत घरंगळायला हवेत, अडखळता कामा नयेत. स्प्रिंगची टोपी दाबून सोडा, टचकन बाहेर यायला हवी. स्प्रॅग असेल तर प्रत्येक ठोकळ्याच्या दोन्ही टोकांवर चकचकीत सपाट पट्टा पडलाय का ते पाहा. पिंजरा वाकला असेल किंवा त्याची स्प्रिंग ताणली असेल तर पूर्ण स्प्रॅग बदला. रोलर मात्र एकटा बदलू नका. सगळे रोलर आणि सगळ्या स्प्रिंग एकदमच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुने सुटे भाग मिळतात. तिथून आरसा घ्या, साइड पॅनल घ्या, जुना क्लच घेऊ नका.

आयडलरचे दाते, शाफ्ट आणि मोटरच्या शाफ्टवरचे दाते ओझरते पाहून घ्या. एका बाजूने टोकदार झाले असतील तर बदला.

जोडताना

नवा क्लच बसवून बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला (कसण्याच्या जोराला) कसा. रोलरना आणि गळ्याला स्वच्छ इंजिन ऑइल लावा. ग्रीस नको, ते रोलरना चिकटवून ठेवते. गिअर क्लचमध्ये फिरवत फिरवत घाला, दाबून नाही. आता मॅग्नेट हातात धरून गिअर फिरवा. एका दिशेने मोकळा, दुसऱ्या दिशेने लगेच घट्ट. कुठली दिशा मोकळी हवी ते मॅन्युअलमध्ये दिलेले असते, ते ताडून पाहा. स्प्रॅग उलटा बसला तर सेल्फ मोकळा फिरेल, आणि ढकलून गाडी चालू केली तर इंजिन मोटरला प्रचंड वेगाने फिरवेल. म्हणून ही चाचणी झाल्याशिवाय कव्हर लावायचे नाही.

क्रँकचे निमुळते टोक आणि मॅग्नेटचे भोक पेट्रोलने पुसून कोरडे करा. तिथे तेल राहिले तर मॅग्नेट घसरून चावी कापली जाते आणि टायमिंग बिघडते. चावी नीट बसवा, मॅग्नेट लावा, नट टॉर्क पान्याने कसा. जुने पॅकिंग लाकडी पट्टीने खरवडा. स्क्रू ड्रायव्हरने अॅल्युमिनियमवर ओरखडा पडला की तिथून तेल झिरपते. नवे पॅकिंग आणि डॉवेल (कव्हर जागेवर धरणाऱ्या पिना) जागेवर. कव्हर लावताना बोटे कडेला ठेवू नका, मॅग्नेट ते झपकन ओढून घेते. बोल्ट तिरपे-तिरपे, दोन-तीन टप्प्यांत कसा. मग तेल भरा.

पहिला सेल्फ प्लग काढून मारा, म्हणजे तेल फिरते आणि क्लच भाराशिवाय पकडतो की नाही ते कळते. मग प्लग लावून मारा. चालू झाल्यावर बटण लगेच सोडायचे. कव्हरच्या कडेला कागद लावून गळती बघा.

काढलेले तेल गटारात ओतू नका. आपली गटारे खाडीला मिळतात, आणि ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, आहे. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

रस्त्यात अडकलात तर

टॉप गिअरमध्ये टाकून गाडी हाताने एकदा मागे-पुढे हलवा, मग न्यूट्रल करून सेल्फ मारा. रोलर जागेवरून हलतात आणि पुष्कळदा पकडतात. नाही पकडले तर दुसऱ्या गिअरमध्ये क्लच दाबून ढकला आणि वेग आला की क्लच सोडा. इंजेक्शनच्या गाडीला त्यासाठीही बॅटरीत थोडा जीव हवा, पंप चालायला. हे काम कडेला किंवा एखाद्या आतल्या गल्लीच्या उतारावर करा, घोडबंदर रोडच्या उड्डाणपुलावर नाही. बटण दाबत राहू नका. मोटर मोकळी फिरत असताना प्रत्येक दाबण्याने गळ्यावर आणखी ओरखडे पडतात.

दुरुस्तीनंतर ५०० किलोमीटरला ऑइल बदला आणि सेल्फ मारताना बॅटरीचा आकडा पुन्हा घ्या. नवा क्लच आणि नवा गिअर असूनही पहिल्या आठवड्यातच घसरला, तर क्लच पुन्हा उघडण्याआधी आयडलरचा टॉर्क लिमिटर काढून पाहा आणि नवा गिअर तुमच्याच मॉडेलचा, त्याच पार्ट नंबरचा आहे ना, हे पावतीवरून तपासा. दिसायला सारख्या दोन गिअरच्या गळ्याचा व्यास मिलिमीटरच्या अंशाने वेगळा असला तरी रोलर पकडत नाहीत.